एकच प्रणाली, निरनिराळी दारे : कार्यालयीन इंट्रानेटवरील दुव्यांची विभागणी

काशीयात्रा केलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांना तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या परिचित असतात. यात्रेकरू आपले गाव, कुळ व आडनाव सांगतो. उपाध्याय अनेक वह्यांमधून नेमकी वही काढतात आणि त्याच घराण्यातील पूर्वजांच्या यात्रांच्या नोंदी असलेले पान त्याच्यासमोर उघडतात. शेजारी बसलेल्या दुसऱ्या यजमानासाठी दुसरे पान उघडले जाते. वह्या एकाच घरात असतात, पण प्रत्येकाला दिसते ते त्याचे पान. या साध्या व्यवहारात दोन प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत : समोरचा माणूस कोण आहे, आणि त्याला काय दाखवावयाचे?

आजच्या शासकीय कार्यालयांतील संगणक प्रणालींपुढे हेच दोन प्रश्न आहेत. एकाच प्रणालीत लिपिकाला एक मेनू दिसतो, लेखाधिकाऱ्याला दुसरा आणि विभागप्रमुखाला तिसरा. वरकरणी ही केवळ तांत्रिक सोय वाटते. प्रत्यक्षात ती अधिकारांची, जबाबदारीची आणि माहितीची वाटणी असते. प्रस्तुत लेखात या वाटणीमागील तत्त्व, तिची कार्यपद्धती, वाराणसीतील संस्थांच्या आधारे तिचे स्वरूप आणि तिच्यातील धोके यांचा परामर्श घेतला आहे.

इंट्रानेट म्हणजे काय?

इंटरनेट सर्वांसाठी खुले असते. इंट्रानेट हे एखाद्या संस्थेच्या अंतर्गत वापराचे संगणकजाळे होय. परिपत्रके, रजेचे अर्ज, वेतनपत्रके, नस्त्यांची हालचाल, भांडाराच्या मागण्या, दूरध्वनी सूची असे संस्थेचे दैनंदिन व्यवहार त्यावर चालतात. संस्थेबाहेरील पुरवठादार वा सहयोगी संस्थांना यातील मर्यादित भाग खुला केला, तर त्यास एक्स्ट्रानेट असे संबोधले जाते.

भारतात १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) शासकीय संगणकीकरणाचा पाया घातला. मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजनेस मान्यता मिळाली आणि पुढे तिच्या अंतर्गत ई-ऑफिस हा मिशन मोड प्रकल्प आकारास आला. ई-ऑफिसमध्ये नस्ती, रजा, दौरा, ज्ञान व्यवस्थापन इत्यादींचे स्वतंत्र विभाग आहेत. कागदी नस्ती ज्या टेबलावर असेल तेथेच वाचता येत असे. इलेक्ट्रॉनिक नस्ती तत्त्वतः कोठूनही वाचता येते. ती कोणी वाचावी हे पूर्वी कपाटाची किल्ली आणि शिपायाची पिशवी ठरवीत असे. आता ते संगणकातील नियमांनी ठरवावे लागते.

निवडक दुवे कशासाठी?

पहिले कारण आर्थिक आहे. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये माहितीच्या अर्थशास्त्राची मांडणी करताना, माहिती शोधण्यासही खर्च येतो, हे दाखवून दिले. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की, माहिती विपुल झाली की माणसाचे अवधान दुर्मीळ होते. दोघांनाही पुढे अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. सायमन यांना १९७८ मध्ये आणि स्टिग्लर यांना १९८२ मध्ये.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या संस्थेत ५,००० कर्मचारी आहेत. मुखपृष्ठावर १०० दुवे आहेत, मात्र प्रत्येकास त्यांपैकी १०-१२ दुवेच लागतात. योग्य दुवा शोधण्यात प्रत्येकाची दररोज केवळ दोन मिनिटे गेली, तर संस्थेची १०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे १६७ तास खर्ची पडतात. आठ तासांच्या दिवसाप्रमाणे हे जवळपास २१ माणसांचे एका दिवसाचे श्रम होत. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, पण तो होतच असतो.

दुसरे कारण गोपनीयतेचे आहे. सेवापुस्तक, वैद्यकीय देयक, गोपनीय अहवाल, परीक्षेचे गुण या नोंदी सर्वांसमोर ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिल्यानंतर या जबाबदारीस घटनात्मक अधिष्ठानही प्राप्त झाले.

तिसरे कारण आर्थिक शिस्तीचे आहे. देयक तयार करणारा आणि ते मंजूर करणारा एकच असू नये, हे लेखाशास्त्राचे जुने तत्त्व. आपल्या कोषागार पद्धतीत लिपिक देयक तयार करतो, आहरण व संवितरण अधिकारी स्वाक्षरी करतो आणि कोषागारात त्याची तपासणी होते. संगणकाच्या पडद्यावर हे तिन्ही टप्पे तीन निरनिराळ्या दुव्यांच्या रूपाने येतात.

भूमिका : व्यवस्थेची गुरुकिल्ली

कोणाला काय दिसावे हे ठरविण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली, प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्रपणे परवानग्या देणे. दुसरी, आधी पदांनुसार वा कामांनुसार भूमिका ठरवून परवानग्या भूमिकेस जोडणे आणि मग व्यक्तीस भूमिका देणे. दुसऱ्या पद्धतीस भूमिकाधारित प्रवेश नियंत्रण असे म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये तिचे सुव्यवस्थित प्रारूप मांडले आणि २००४ मध्ये तेथे त्यास राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या पद्धतीचा लाभ साध्या गणिताने स्पष्ट होतो. ५,००० कर्मचारी आणि ४० प्रकारची कामे असतील, तर व्यक्तिनिहाय परवानग्यांसाठी २ लाख निर्णय घ्यावे लागतील. त्याऐवजी १२ भूमिका निश्चित केल्या, तर भूमिका व कामे यांच्या जोडणीचे ४८० निर्णय आणि प्रत्येकास भूमिका देण्याचे ५,००० निर्णय, असे एकूण ५,४८० निर्णय पुरतात. निर्णय कमी असले की चुका कमी होतात आणि तपासणी सुकर होते.

यासोबतच १९७५ मध्ये जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी मांडलेले किमान अधिकाराचे तत्त्व ध्यानात घ्यावे लागते. प्रत्येकास त्याच्या कामासाठी आवश्यक तेवढाच अधिकार असावा, हा त्याचा आशय. भूमिका ठरविताना कामाची सोय जेवढी पाहावयाची, तेवढीच ही मर्यादाही पाळावयाची असते.

प्रत्यक्ष कार्यवाही तीन पायऱ्यांनी होते. प्रथम वापरकर्त्याची ओळख पटविली जाते. त्यासाठी परवलीचा शब्द, मोबाइलवर आलेला एकवेळचा संकेतांक वा अन्य साधन वापरले जाते. एनआयसीची ‘परिचय’ ही सुविधा शासकीय कर्मचाऱ्यांना एकाच ओळखीवर अनेक प्रणालींत प्रवेश देते. दुसऱ्या पायरीवर त्या व्यक्तीच्या भूमिका कर्मचारी-सूचीतून शोधल्या जातात. तिसऱ्या पायरीवर त्या भूमिकांना लागू असलेले दुवे मेनूत मांडले जातात. व्यक्तीच्या दोन भूमिका असल्यास दोन्हींचे दुवे एकत्र दिसतात. उदाहरणार्थ, प्राध्यापक असलेली व्यक्ती वसतिगृहाची अधीक्षकही असू शकते.

वाराणसीतील दोन उदाहरणे

वाराणसी हे नगर या विषयाच्या अभ्यासास उपयुक्त आहे, कारण तेथे अगदी भिन्न स्वरूपाच्या दोन मोठ्या केंद्रीय संस्था नांदतात.

पहिली संस्था बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. १९५६ मध्ये पायाभरणी झालेला हा रेल्वे कारखाना ऑक्टोबर २०२० पर्यंत डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स या नावाने ओळखला जात असे. जानेवारी १९६४ मध्ये तेथील पहिले इंजिन राष्ट्रास अर्पण झाले. कारखान्यात कारागीर, अभियंते, भांडार कर्मचारी, लेखा विभाग, कारखान्याचे रुग्णालय असे अनेक गट असतात. भारतीय रेल्वेच्या मानव संसाधन व्यवस्थापन प्रणालीत (एचआरएमएस) ऑगस्ट २०२० मध्ये ई-पासची सुविधा आणि नोव्हेंबर २०२० मध्ये कर्मचारी स्वयंसेवा, भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम व निवृत्तिलाभ निपटारा या सुविधा सुरू झाल्या. पासाचेच उदाहरण पाहू. कर्मचाऱ्यास अर्ज करण्याचा व स्वतःचे पास पाहण्याचा दुवा लागतो. पास विभागातील लिपिकास प्रलंबित अर्जांची यादी लागते. पास देण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यास मंजुरीचे बटण लागते. नोंद एकच, पण तिच्याकडे जाणारे मार्ग तीन.

रेल्वेच्या ई-खरेदी प्रणालीत (आयरेप्स) या वाटणीस काळाचेही परिमाण लाभते. निविदा उघडण्याची ठरलेली वेळ येईपर्यंत पुरवठादारांनी भरलेले दर खरेदी अधिकाऱ्यासही पाहता येऊ नयेत, अशी तिची रचना आहे. अधिकारी तोच आणि त्याचे पदही तेच; पण वेळेपूर्वी ज्ञात झालेला दर स्पर्धा नष्ट करू शकतो. म्हणून ‘कोणास’ या प्रश्नाबरोबर ‘केव्हा’ हा प्रश्नही प्रणालीस विचारावा लागतो.

दुसरी संस्था बनारस हिंदू विद्यापीठ. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय विद्यापीठाचा परिसर सुमारे १,३०० एकरांचा आहे. विद्यार्थी, संशोधक, अध्यापक, ग्रंथालयीन कर्मचारी, वसतिगृहांचे प्रशासन आणि सर सुंदरलाल रुग्णालयाचे वैद्यकीय कर्मचारी अशा अनेक गटांचा येथे वावर असतो. उच्च शिक्षणसंस्थांसाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या पुढाकाराने व दिल्ली विद्यापीठाच्या सहभागाने ‘समर्थ’ ही प्रणाली विकसित झाली. बनारस हिंदू विद्यापीठाने प्रवेशप्रक्रियेसारख्या कामांसाठी तिचा वापर केला आहे. विद्यापीठाच्या व्यवहारात एकच व्यक्ती वर्षभरात गट बदलते : अर्जदार विद्यार्थी होतो, विद्यार्थी संशोधक होतो, तर संशोधकास काही काळ अध्यापनही करावे लागते. कारखान्यात पदे तुलनेने स्थिर असतात, विद्यापीठात माणसे सतत एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत जात असतात. म्हणून एका संस्थेचा मेनू जसाच्या तसा दुसरीत लागू पडत नाही.

विद्यापीठाच्या इतिहासातील एक घटना याच संदर्भात बोलकी आहे. २०१२ मध्ये तेथील तंत्रज्ञान संस्था संसदेच्या कायद्याने भारतीय तंत्रज्ञान संस्था झाली. प्रवेशद्वार, रस्ते आणि परिसर तेच राहिले, मात्र प्रशासकीय दृष्ट्या दोन स्वतंत्र संस्था निर्माण झाल्या. अशा वेळी कोण कोणत्या संस्थेचा वापरकर्ता, हे प्रत्येक नोंदीच्या बाबतीत नव्याने ठरवावे लागते. भौतिक परिसराची सीमा आणि माहितीच्या अधिकाराची सीमा या एकच नसतात, हा त्यातील बोध.

दुवा लपविणे म्हणजे दार बंद करणे नव्हे

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. मेनूतून दुवा काढून टाकला म्हणजे ते पान सुरक्षित झाले, असे अनेकदा गृहीत धरले जाते. घराचा पत्ता कोणास सांगितला नाही म्हणून दारास कुलूप लागत नाही. प्रत्येक पानाचा स्वतःचा पत्ता असतो. तो एखाद्या सहकाऱ्याने पाठविलेला असेल, जुन्या ई-पत्रात असेल किंवा पत्त्यातील क्रमांक बदलून सहज अंदाजाने मिळेल. उदाहरणार्थ, स्वतःच्या वेतनपत्रकाच्या पत्त्याच्या शेवटी ४५६ असेल, तर कोणी ४५७ लिहून पाहील. प्रणालीने त्या क्षणी पुन्हा अधिकार तपासला नाही, तर सहकाऱ्याचे वेतनपत्रक समोर येईल.

यास्तव दुवा दाखविणे ही सोय आणि अधिकार तपासणे ही सुरक्षा, असा भेद सदैव ध्यानी ठेवावा. तपासणी मेनूपाशी नव्हे, तर प्रत्येक पानापाशी व प्रत्येक कृतीपाशी व्हावयास हवी. संकेतस्थळांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या ओवॅस्प या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत प्रवेश नियंत्रणातील त्रुटींना पहिले स्थान दिले होते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये अनधिकृत प्रवेश दंडनीय आहे. परंतु कायदा हा घटना घडल्यानंतरचा उपाय होय. कुलूप आधी लावावे लागते.

बदली, निवृत्ती आणि शिळे अधिकार

कागदी व्यवस्थेत बदली झालेला अधिकारी कार्यभार सोपविताना किल्ल्या सोपवीत असे. संगणकीय किल्ली दिसत नाही, म्हणून ती सोपविली गेली की नाही हेही दिसत नाही. लेखा विभागातून आस्थापनेत गेलेल्या कर्मचाऱ्यास नव्या कामाचे दुवे तत्परतेने मिळतात, कारण ते न मिळाल्यास तो तक्रार करतो. जुने दुवे काढण्याचे राहून जाते, कारण त्याबद्दल कोणीच तक्रार करीत नाही. अतिरिक्त कार्यभार, दीर्घ रजा आणि निवृत्ती यांनी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. काही वर्षांत एकाच व्यक्तीच्या हाती देयक तयार करण्याचा व तेच मंजूर करण्याचा असे दोन्ही अधिकार नकळत एकत्र येतात आणि कर्तव्यविभाजनाचे तत्त्व मोडीत निघते.

परवलीचा शब्द सहकाऱ्यास सांगण्याची सवय ही त्याहून गंभीर बाब आहे. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून त्यांच्या ओळखीने लिपिकच मंजुरी देतो, हे दृश्य कार्यालयांत अपरिचित नाही. अशा क्षणी तीन दुव्यांची सारी रचना एका माणसाच्या हाती एकवटते. महाराष्ट्रात शाळांतील शिक्षकांच्या वेतनासाठी शालार्थ प्रणाली वापरली जाते. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळख क्रमांकांच्या आधारे अपात्र व्यक्तींना शिक्षक दाखवून वेतन काढल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि त्याच्या चौकशीसाठी राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. तथापि, वेतन प्रणालीत नवे नाव समाविष्ट करण्याचा मार्ग कोणाच्या हाती आहे आणि त्याच्यावर नजर कोणाची आहे, या प्रश्नाचे मोल सार्वजनिक तिजोरीच्या भाषेत किती असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

यावरील उपाय परिचित आहेत. बदलीचा आदेश निघताच भूमिका आपोआप बदलावी. तिमाहीस प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या हाताखालील वापरकर्त्यांची यादी पडताळावी. प्रत्येक कृतीची नोंद कोणी, केव्हा केली यासह जतन व्हावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण नियमांतही प्रवेश नियंत्रण व वापराच्या नोंदी किमान एक वर्ष जतन करणे यांचा सुरक्षा उपायांत समावेश आहे. मूळ अधिनियम २०२३ चा असून, योग्य सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. या मुख्य जबाबदाऱ्यांच्या अंमलबजावणीसाठी अधिसूचनेपासून १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला.

गोपनीयता आणि पारदर्शकता

निवडक दुव्यांच्या व्यवस्थेस दुसरी बाजूही आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, व्यवहारातील एका पक्षाकडे अधिक माहिती असेल, तर दुसऱ्याची हानी होते आणि बाजारही कोलमडू शकतो. कार्यालयांतही असेच घडते. बदलीचे निकष, अग्रिमाची मर्यादा, पदोन्नतीची ज्येष्ठता यादी यांचे दुवे केवळ आस्थापना शाखेस दिसत असतील, तर कर्मचाऱ्यास आपला हक्क मागण्यासाठी शाखेतील कोणाची तरी मर्जी सांभाळावी लागते. गोपनीयतेच्या नावाखाली मध्यस्थाचा उदय होतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ख) अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या असतात. अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये, निर्णयप्रक्रिया आणि कामाचे नियम यांचा त्यात समावेश आहे. अर्थात, नियम ही खासगी माहिती नव्हे. दुसरीकडे, याच अधिनियमाच्या कलम ८ (१) (ञ) मध्ये २०२३ च्या अधिनियमाने केलेली आणि नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली दुरुस्ती वैयक्तिक माहितीस व्यापक सूट देते. कलम ८ (२) मधील सार्वजनिक हिताची कसोटी मात्र कायम आहे. या दोन कायद्यांमधील ताण समजून घेणे परीक्षार्थींसाठी जितके महत्त्वाचे, तितकेच ते प्रणाली रचणाऱ्यांसाठीही.

प्रस्तुत लेखकाच्या मते, मेनू रचताना तीन स्तर वेगळे करावेत. नियम सर्वांना दिसावेत. नोंद ज्याची, त्याला आणि ती हाताळणे ज्याचे कर्तव्य आहे, त्याला दिसावी. निर्णयाचे बटण केवळ त्या निर्णयास उत्तरदायी असलेल्या व्यक्तीस मिळावे. पहिल्या स्तरावर उदारता, दुसऱ्यावर खासगीपणा आणि तिसऱ्यावर जबाबदारी हे निकष ठेवल्यास गोपनीयता व पारदर्शकता यांतील बहुतेक संघर्ष सुटतात.

ज्यांचा गटच नाही

आणखी एका वर्गाचा विचार आवश्यक आहे. रुग्णालये, विद्यापीठे व कारखाने यांत स्वच्छता, सुरक्षा आणि देखभालीची बरीच कामे कंत्राटी कामगार करतात. ते संस्थेच्या आस्थापनेवर नसल्याने कर्मचारी-सूचीत नसतात. सूचीत नाहीत म्हणून त्यांना भूमिका नाही, आणि भूमिका नाही म्हणून एकही दुवा नाही. कामाचे तास, किमान वेतनाचे दर, अपघातप्रसंगी संपर्क, तक्रारीची पद्धत ही माहिती त्यांना सर्वाधिक गरजेची असूनही इंट्रानेटच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसतात. कोणत्या गटास कोणते दुवे द्यावेत, या चर्चेपूर्वी गटांची यादी पूर्ण आहे काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. अशा कामगारांसाठी प्रवेशद्वारापाशी वा विश्रांतिगृहात सार्वजनिक संगणक, हिंदीत व स्थानिक बोलीत सूचना आणि मुद्रित फलक ही साधी साधने उपयोगी पडू शकतात.

समारोप

संगणकाच्या पडद्यावरील दुव्यांची यादी ही संस्थेच्या प्रशासकीय रचनेचे प्रतिबिंब असते. रचना सुस्पष्ट असेल, तर यादी आटोपशीर व विश्वासार्ह होते. रचनाच संदिग्ध असेल, तर उत्तम तंत्रज्ञानही तिला सावरू शकत नाही. म्हणून या कामाचा आरंभ संगणक कक्षात नव्हे, तर आस्थापना शाखेत व्हावयास हवा : कामे कोणती, ती कोणाची, आणि त्यांबद्दल उत्तर कोण देणार, हे आधी कागदावर निश्चित करून.

काशीच्या उपाध्यायांच्या वहीत यजमानास आपले पान दिसते, आणि वही सांभाळणारा कोण हेही त्याला ठाऊक असते. शासकीय प्रणालीकडूनही नागरिक व कर्मचाऱ्याची अपेक्षा याहून वेगळी नाही. आपली नोंद सुरक्षित असावी, आपल्याला लागू असलेला नियम आपल्याला वाचता यावा आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव दडलेले नसावे, एवढे साधले तर दुव्यांची ही विभागणी सुशासनाचे साधन ठरेल.